आवळलेला सांधा

मराठीत ‘सांधा’ हा शब्द मोठा उदार आहे. गुडघ्याचा तोच आणि लोहमार्गाचाही तोच. १० मे २००२ रोजी लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे असाच एक सांधा धावत्या गाडीखाली निकामी झाला. शेवटचा डबा घसरला आणि सात माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील एक वृद्धा तर गाडीत नव्हतीच; ती पुलाखालच्या रस्त्याने चालली होती. चौकशीत दिसून आले की, सांध्याच्या आडव्या दांड्यांवरील नट जागेवर नव्हते.

घट्ट आवळलेला नट सुटतोच कसा? बोल्ट आवळला म्हणजे तो किंचित लांबतो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे जोडलेले भाग एकमेकांवर दाबून धरतो. हा पूर्वताण हेच सांध्याचे बळ. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचा कोन ५५ अंशांचा सुचवून कारखान्यांतील मापांचा गोंधळ आवरायला घेतला. परंतु सैल होण्याचे मर्म उकलायला १९६९ साल उजाडावे लागले. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले की, बोल्टाच्या लांबीच्या दिशेने होणाऱ्या कंपनापेक्षा आडवे कंपन अधिक घातक असते. पृष्ठभाग एकमेकांवर घसरू लागले की आट्यांतील घर्षणाची पकड सुटते, आणि मग नट उलटा फिरवतो तो खुद्द पूर्वताणच! आपल्याकडे याला घरभेदी म्हणतात.

ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना तंबोऱ्याची खुंटी पिळली की सूर चढतो, हे सांगणे नलगे. आवळलेल्या यंत्राचाही सूर चढतो. कारण मात्र वेगळे: तेथे ताणामुळे पृष्ठभागांचा परस्परसंपर्क वाढतो व जोड ताठ होतो. म्हणून संगणकावर यंत्राचे प्रतिरूप रचताना प्रथम बोल्ट ‘आवळावा’ लागतो आणि त्या ताणलेल्या स्थितीतील ताठरता धरून कंपसंख्या काढावी लागते.

येथवर गणित सरळ चालते. पण धक्का जोराचा बसला की संपर्काच्या कडा सूक्ष्मपणे घसरतात, सूर उतरतो आणि कंपन अधिक लवकर विरते. तंबोऱ्याहून हे निराळेच प्रकरण. विल्फ्रेड आयवन यांनी १९६६ मध्ये याला वाट काढली: एकच स्प्रिंग न मानता अनेक मानाव्यात, आणि प्रत्येकीची घसरण्याची मर्यादा वेगळी धरावी. मला हे फार सुंदर वाटते. तथापि या मर्यादा निव्वळ आराखड्यावरून भरवशाने सांगता येत नाहीत. त्यासाठी प्रत्यक्ष सांध्यावर हातोडीचा ठोका मारून त्याचा नाद मोजावा लागतो, आणि मगच ते आकडे प्रतिरूपात घालतात.