ऊसपट्ट्यातला बोअर आणि जपानी फटफटी

जुनी यामाहा आरएक्स १०० पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं की बोलणं तिचा आवाज, पिकअप आणि कॉलेजचे दिवस यांतच रमतं. सातारा-सांगलीत ही हौस बेताच्या खिशालाही झेपते, त्याचं कारण मात्र गाडीपेक्षा इथल्या शेतीत सापडतं. विहिरींवर आणि कृष्णाकाठी बसलेल्या डिझेल इंजिनांनी सिलिंडरला बोअर मारणारे, लायनर बसवणारे, लेथवर हवा तो बुश काढून देणारे कारागीर या भागात आधीच घडवले होते. जपानी गाड्या त्यांच्या हाती नंतर पडल्या.

१९१० साली औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी कुंडल रोडजवळ माळरान दिलं आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे नांगराचा कारखाना उभारला. पुढे त्यातूनच पाण्याचे पंप निघू लागले. तिकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल इंजिन तयार झालं. पाणी उपसणारं इंजिन हंगामभर राबतं, रिंगा झिजतात, लायनर जातो, क्रँक वाजू लागतो. ऊस वाळत असताना ते पुण्याला कोण पाठवणार? म्हणून लेथ आणि बोरिंग मशिन तालुक्याच्या बाजारपेठेतच आलं. साठच्या दशकात कोयनेची वीज आली, विहिरींवर हळूहळू मोटारी बसल्या, पण ही यंत्रं आणि ते हात कुठे जाणार? ते दुचाकीकडे वळले असणार, हा माझा तर्क आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया साताऱ्यातच बनत होती, त्यामुळे टू-स्ट्रोक इंजिनही इथे परकं राहिलं नव्हतं.

मग जपानी तंत्राच्या गाड्या आल्या. १९८३ मध्ये राजदूत ३५०, १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडा आणि आरएक्स १००. आरएक्सचं इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्ती, सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर. सिलिंडर झिजला की पाव मिलिमीटरने मोठा बोअर मारायचा, त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन घालायचा, पुढच्या वेळी आणखी पाव. मापं संपली की नवा लायनर ठोकायचा. विहिरीवरच्या इंजिनाचं शास्त्रही याच जातीचं, फक्त इथे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते आणि बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा हलक्या हाताने मोडाव्या लागतात, नाहीतर रिंग अडकून तुटते. खरी कसोटी क्रँकची. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमध्येच दाबलं जातं. ऑइल सील कडक होऊन हवा खेचू लागलं की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. अशा गाडीला टाकीचा कितीही झकास रंग दिला तरी पैसे पाण्यातच. बजेट तोकडं असेल तर पैसा आधी क्रँक, बेअरिंग, सील आणि बोअरवर घालावा, क्रोम आणि स्टिकर वर्षभर थांबू शकतात.

कोणी म्हणेल, गॅरेज कुठे नाही, आणि सुटे भाग तर पुण्या-दिल्लीहूनच येतात. खरं आहे. पण भाग सगळ्यांनाच मागवावा लागतो. फरक पडतो तो मजुरीत आणि मापाच्या खात्रीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातही हेच दिसतं आणि तिथेही पूर्वज शेतीचं इंजिनच आहे. उलट राजदूत ३५० घ्या. दोन सिलिंडर, विकल्या गेलेल्या गाड्या कमी, १९८९च्या सुमारास उत्पादन बंद. तिथे भागच दुर्मीळ असल्याने इथला कारागीर कितीही तयारीचा असला तरी खर्च आवरत नाही. म्हणजे कारागिरी एकटी पुरत नाही, हे मान्यच करायला हवं. आरएक्स १९९६ पर्यंत बनत राहिली, भरपूर खपली, म्हणून तिचे भाग अजून मिळतात.

दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा: लायनर बदललेली गाडी मूळची कसली? कायदाही काहीसा त्यांच्याच बाजूचा आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि इंजिन-चॅसिसमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय ती रोजच्या वापराला काढता येत नाही. पण सातारा-सांगलीतली माणसं गाडी काचेत ठेवायला नीट करत नाहीत, चालवायला करतात. शेतातल्या इंजिनाला मूळपणाबद्दल कधी कोणी विचारलं नाही, पाणी येतं का एवढंच विचारलं. हाच निकष इथे मला रास्त वाटतो. तेव्हा घेण्याआधी आरसी बुक आणि इंजिन-चॅसिस नंबर जुळवून पाहा, कारण पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरण करावंच लागतं, आणि पहिल्या आरएक्सला पन्नाशी गाठायला २०३५ उजाडणार आहे.