पिकअपमधील ध्वनियंत्रणा : वॅट, वायर आणि पत्रा

राज्यातील कोणत्याही मोठ्या बाजार समितीबाहेर पहाटे उभे राहिले, तर भाजीपाल्याने लादलेल्या पिकअपच्या रांगेतून निरनिराळी गाणी एकाच वेळी कानांवर पडतात. रात्रभर घाट उतरून आलेल्या चालकाच्या दृष्टीने केबिनमधील गाणे ही चैन नसते. ती त्याची सोबत असते. (झोप अनावर झाली असता गाडी बाजूला घेऊन थांबणे हाच एक उपाय आहे, त्याची जागा कोणतेही गाणे घेऊ शकत नाही, हेही येथेच सांगून ठेवलेले बरे.) मात्र या सोबतीसाठी केलेला खर्च बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतो. मोठ्या आकड्यांची लेबले लावलेले स्पीकर विकत घेतले जातात, बारीक वायरीवर जोडले जातात आणि सहा महिन्यांत त्यांचा घशातून आल्यासारखा आवाज येऊ लागतो. वायरीचे काम अगदीच वाईट झाले असेल, तर जळका वासही येतो.

मोटारीत संगीत ऐकण्याची कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीत बसवण्याजोगा रेडिओ विक्रीस आणला आणि त्याला दिलेले ‘मोटोरोला’ हे नाव पुढे कंपनीलाच चिकटले. पिकअप मात्र दीर्घकाळ केवळ कामाची गाडी राहिली. अमेरिकेत ती आता घराघरांतली गाडी झाली आहे. २०१९ च्या रॅम १५०० या पिकअपमध्ये १९ स्पीकर व ९०० वॅटची यंत्रणा कारखान्यातूनच मिळू लागली. आपल्याकडील चित्र वेगळे आहे. मालवाहू पिकअपच्या साध्या आवृत्तीत डॅशबोर्डावर डेकसाठी मोकळा चौकोन आणि स्पीकरसाठी दोन झाकलेली भोके एवढीच तरतूद पुष्कळदा असते. उरलेले काम मालकाने बाजारातून करून घ्यायचे असते.

केबिन हेच पहिले वाद्य

पिकअपची केबिन आणि मोटारीची केबिन यांत मूलभूत फरक आहे. दोन आसनी पिकअपमध्ये चालकाच्या पाठीमागे लगेच पत्र्याची भिंत व काच असते. डिझेल इंजिन पुढ्यात किंवा पायांशी, मागे रिकामा हौदा आणि दारांच्या आत नुसता पत्रा. महामार्गावर अशा केबिनमधील आवाज सहज ७० डेसिबलच्या वर जातो, आणि त्यातला मोठा वाटा खालच्या स्वरांचा असतो. तबल्याचा डग्गा, ढोलकीची धुमी, पुरुष गायकाचा खर्ज नेमके याच पट्टीत असल्यामुळे इंजिनाच्या घरघरीत बुडून जातात. मग चालक आवाज वाढवतो. खर्ज तरीही मिळत नाही, पण झांज आणि बासरी कानांत टोचू लागतात.

येथे एक हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. डेसिबल हे माप सरळ वाढत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर दुप्पट वीज लागते, आणि कानाला साधारण ‘दुप्पट मोठा’ वाटावा म्हणून १० डेसिबल वाढवायचे तर दहापट. याचा व्यत्यासही तितकाच खरा आहे. केबिनमधील गोंगाट ५ डेसिबलने कमी करता आला, तर अॅम्प्लिफायरची शक्ती तिपटीने वाढवल्याइतका लाभ होतो. म्हणून जाणता कारागीर पहिल्या दिवशी स्पीकरला हात लावत नाही; तो दाराचे आतले आवरण उघडतो.

दाराच्या बाहेरील पत्र्याला आतून ब्युटिल रबराचा, वर अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेला पट्टा चिकटवला जातो. पत्रा टिचकी मारल्यावर ‘टण्ण’ न वाजता ‘ठप्प’ वाजू लागला की काम झाले. यासाठी संपूर्ण पत्रा झाकण्याची गरज नसते. सपाट भागाच्या मध्यावर पाव हिस्सा झाकला तरी थरथर बरीच मावळते. स्वस्ताच्या मोहाने गच्चीच्या गळतीसाठी मिळणारा डांबरी पट्टा मात्र लावू नये. मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत तो मऊ पडतो, वास सोडतो आणि काचेच्या यंत्रणेवर घसरतो. आणखी एक काळजी खास आपल्या पावसासाठी आहे. दारात काचेवाटे पाणी उतरतेच आणि ते खालच्या भोकांतून बाहेर जाते. ही भोके पट्ट्याने बुजली, तर दोन पावसाळ्यांत दार खालून कुजते.

दाराच्या आतल्या चौकटीवरील मोठी मोकळी जागा बंद करणे हा याच कामाचा दुसरा भाग. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा मागे हवा विरळ होते. पुढची व मागची लहर मोकळेपणी एकमेकींना भेटल्या, तर खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. हाच स्पीकर घट्ट बंद केलेल्या दारात बसवला की खर्ज अचानक ‘सापडतो’. पुष्कळ मालकांना नवे स्पीकर चांगले वाटतात ते वस्तुतः यामुळेच, असे आमचे मत आहे.

वॅटचा भुलभुलैया

पूर्वी टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे छापलेले असे. त्या आकड्याचा प्रत्यक्षाशी संबंध नव्हता. आज त्याची जागा ‘कमाल शक्ती’ या शब्दांनी घेतली आहे. बहुतेक डेकवर ‘५० वॅट गुणिले ४’ असे लिहिलेले आढळते. ते कितपत खरे, हे शाळेतल्या गणिताने तपासता येते. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट दाब असतो. डेकच्या आतील छोटा अॅम्प्लिफायर यापेक्षा अधिक दाबाचे शिखर निर्माण करू शकत नाही. या शिखराचे सरासरी मूल्य साधारण १० व्होल्ट. त्याचा वर्ग करून ४ ओहमने भागले की २५-२६ वॅट येतात, आणि यंत्रातील तूट वजा जाता हाती १८ ते २२ वॅट उरतात. खरेदी करताना ‘आरएमएस’ हाच आकडा विचारावा. दुकानदाराने तो सांगण्याचे टाळले, तर पुढच्या दुकानात जावे. मुंबईतील लॅमिंग्टन रोड अथवा पुण्यातील तपकीर गल्लीत दुकानांना तोटा नाही.

याच कारणासाठी स्पीकर निवडताना वॅटपेक्षा संवेदनशीलता अधिक महत्त्वाची ठरते. १ वॅट विजेवर १ मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल देतो, हा तो आकडा. ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटवर जे देतो, त्यासाठी ८९ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागतात. डेकवरच भागवायचे असेल, तर अधिक संवेदनशील स्पीकर घ्यावेत. ‘३०० वॅट’ लिहिलेला जड स्पीकर अशा डेकवर मरगळलेलाच वाजतो.

आकाराबाबत फार निवड नसते. डॅशबोर्डातील जागा बहुधा चार इंची आणि दारातील साडेसहा इंची. दारात जागा असेल, तर साडेसहा इंचीला पर्याय नाही. खोली आधी मोजावी, कारण काच खाली उतरल्यावर ती स्पीकरच्या चुंबकावर आदळू शकते. दमट हवेत कागदी पडदा आणि फोमची कड लवकर जाते. पॉलिप्रॉपिलिनचा पडदा व रबरी कड टिकते. उच्च स्वरांचा छोटा ट्वीटर वेगळा असलेला जोड मिळाला, तर ट्वीटर काचेच्या खांबावर बसवावा. गाणे पायांपाशी न वाजता समोर वाजू लागते. खांबाच्या आवरणात एअरबॅग असेल, तर त्याला हात लावू नये.

एक सर्रास चूक येथे नोंदवावीशी वाटते. डेकच्या एकाच जोडणीवर दोन स्पीकर समांतर जोडून ‘चारचे आठ’ करण्याची पद्धत आहे. ४ ओहमचे दोन स्पीकर असे जोडले की डेकला २ ओहमच दिसतात, प्रवाह दुप्पट होतो आणि चार ओहमसाठी बनवलेला डेक तापून बंद पडतो.

वूफरची हौस असल्यास तो केबिनमध्येच हवा. हौद्यात ठेवलेला वूफर पाणी, धूळ आणि चोरांच्या स्वाधीन असतो. शिवाय त्याचा आवाज मधल्या पत्र्याने अडतो. चार दारांच्या पिकअपमध्ये मागील आसनाखाली, तर दोन आसनी गाडीत आसनामागे उथळ बंद पेटी बसते. जागा अपुरी म्हणून खंत करण्याचे कारण नाही. दीड मीटर लांबीच्या बंद केबिनमध्ये सुमारे ११५ हर्ट्झच्या खाली हवा लहरींऐवजी एकसंध दाबल्यासारखी वागते आणि खर्ज आपोआप उचलला जातो. म्हणून दहा इंची वूफर लहान बंद पेटीतही पुरून उरतो. ती पेटी बोल्टने पक्की करावी. अपघातात वीस किलोंची सुटी पेटी पाठीत बसते.

आग लागते ती वायरीला

अॅम्प्लिफायर बसवायचा ठरला की खरे जोखमीचे काम सुरू होते. ४०० वॅट आरएमएसचा ‘डी’ वर्गाचा अॅम्प्लिफायर सुमारे ८० टक्के कार्यक्षम धरला, तरी तो ५०० वॅट ओढतो. म्हणजे पूर्ण जोरावर सुमारे ३६ अँपिअर. बॅटरीपासून आसनामागे पाच मीटर वायर लागली, तर १० स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत सुमारे ०.३ व्होल्ट आणि १६ च्या वायरीत सुमारे ०.२ व्होल्ट गळतो. १६ ची घ्यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर निम्म्या भावात मिळते. टोक खरवडल्यावर आत पांढरा धातू दिसला की ती ओळखता येते. तिची वाहकता शुद्ध तांब्याच्या जवळपास दोन-तृतीयांश असल्याने ती घ्यायचीच झाली, तर जाडी दीडपट हवी.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून फुटा-दीड फुटाच्या आत असलाच पाहिजे. अॅम्प्लिफायरमध्ये फ्यूज असतो, मग हा दुसरा कशाला, असा प्रश्न चालकच नव्हे, तर काही वायरमनही विचारतात. अॅम्प्लिफायरमधला फ्यूज अॅम्प्लिफायरसाठी आहे. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीसाठी आहे. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भोकातून गेलेली वायर वर्षभराच्या थरथरीत घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर त्यातून लोटते. वायर लाल होते, तिचे आवरण पेट घेते आणि शेजारी डिझेलची नळी असू शकते. वरील उदाहरणात ४० अँपिअरचा फ्यूज आणि भोकात रबरी बुश, एवढा किरकोळ खर्च पुरेसा आहे. नव्या गाडीची मूळ वायरिंग कापल्यास हमीचा वाद उद्भवतो, म्हणून जुळणारे जोड वापरावेत आणि बसवलेल्या साहित्याची नोंद विमा पॉलिसीत करून घ्यावी.

ऋण टोक जाड आणि आखूड वायरीने पत्र्याला जोडावे, तेही रंग खरवडून. इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमधून शिट्टीसारखा चढता सूर येत असेल, तर दोष बहुधा या जोडणीत असतो. डेकचे व अॅम्प्लिफायरचे अर्थिंग वेगळ्या ठिकाणी झाले, किंवा सिग्नलची वायर विजेच्या वायरीसोबत बांधली गेली, की हा सूर उमटतो. दोन्ही वायरी गाडीच्या दोन कडांनी न्याव्यात.

मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची यंत्रणा असते. तेथे दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याचा शॉर्टकट सर्वत्र दिसतो. त्यामुळे एक बॅटरी सतत उपाशी आणि दुसरी सतत अतिभरित राहते व दोन्ही अकाली जातात. अशा वाहनात कन्व्हर्टरच वापरावा.

कान आणि कायदा

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सोसता येतो, आणि पुढील प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९४ ला एक तास, १०० ला केवळ १५ मिनिटे. पगारी चालक दिवसाचे दहा-बारा तास केबिनमध्ये असतो. त्याचे गेलेले ऐकणे परत येत नाही, आणि रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू न येण्याचा धोका तर त्याच दिवसाचा असतो. आतील गोंगाट कमी करण्यावर येथे भर दिला तो यासाठी.

गाडीच्या टपावर कर्णा लावून भाजी विकणे वा जाहिरात करणे हा निराळा विषय आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो वाजवता येत नाही. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

राहता राहिली बॅटरी. मालाची वाट पाहत उभ्या गाडीत इंजिन बंद ठेवून सरासरी १० अँपिअर ओढणारी यंत्रणा तीन तास चालवली, तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी रिकामी होते. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते, असे वारंवार रिकामे होणे तिला मानवत नाही. दाब १२ व्होल्टच्या खाली गेला की यंत्रणा आपोआप तोडणारा छोटा कटआऊट मिळतो. रात्रीच्या फेऱ्या करणाऱ्या पिकअपमध्ये तो वूफरच्या आधी बसवून घ्यावा.