सिली आउसेम आणि १९३१ चें विम्बल्डन

विम्बल्डनच्या विजेत्यांच्या यादींत कांहीं नांवें अशीं आहेत कीं, त्यांच्याविषयीं लिहितांना लेखणींतून ‘पण’ हा शब्द सुटल्याशिवाय राहत नाहीं. विम्बल्डन जिंकणारी पहिली जर्मन स्त्री सिली आउसेम हिच्या वांट्याला तो आला. ती जिंकली खरी. पण त्या वर्षीं अमेरिकेची हेलन विल्स मूडी तेथें खेळावयास आलीच नव्हती, असें सांगण्याची चाल पडली आहे. हा न्याय आम्हांला कोता वाटतो.

सिलीचा जन्म १९०९ सालीं कोलोन शहरीं झाला. पहिल्या महायुद्धानंतर कित्येक वर्षें जर्मन खेळाडूंना बाहेरच्या मोठ्या स्पर्धांचीं दारें बंद होतीं. तीं पुन्हां उघडल्यावर जी नवी पिढी पुढें आली, तिच्यांतली ही मुलगी. अंगानें लहानखुरी. बिल टिल्डन ह्या अमेरिकन महारथ्यानें तिच्या खेळास वळण लावलें आणि १९३० सालीं पॅरिस येथें दोघांनीं मिळून मिश्र दुहेरीचें अजिंक्यपद मिळविलें. त्याच वर्षीं विम्बल्डनच्या उपांत्य सामन्यांत एलिझाबेथ रायनविरुद्ध तिसरा डाव चार-चार असा बरोबरींत असतां सिलीचा पाय मुरगळला, ती कोसळली, आणि तिला झोळीवर घालून मैदानाबाहेर न्यावें लागलें.

पुढच्या वर्षीं ती परत आली. आधीं पॅरिसांत तिनें बेटी नथॉल हिला ८-६, ६-१ असें हरविलें. ही नथॉल म्हणजे कोणी सोमीगोमी नव्हे. आदल्याच वर्षीं तिनें अमेरिकेचें अजिंक्यपद पटकाविलें होतें! नंतर विम्बल्डनचा अंतिम सामना झाला तो दोघी जर्मन स्त्रियांतच. हिल्डे क्राह्‌विंकेल पुढें लग्नानंतर स्पर्लिंग ह्या नांवानें पॅरिसची स्पर्धा लागोपाठ तीन वर्षें जिंकली, तेव्हां तीहि दुबळी नव्हे. दोघींच्याहि पायांना फोड आलेले. अशा स्थितींत सिलीनें ६-२, ७-५ असा जय मिळविला. गैरहजेरीचाच हिशेब मांडावयाचा, तर त्या वर्षीं पुरुषांचा अंतिम सामना झालाच नाहीं, हेंहि ध्यानांत घ्यावें. शील्ड्स दुखापतीमुळें उतरला नाहीं आणि वुड न खेळतां विजयी ठरला. स्त्रिया मात्र फोडांनिशीं खेळल्या.

(जातां जातां सांगण्यासारखें : तीनच वर्षांनीं, १९३४ सालीं, पंडिता क्षमा राव ह्यांच्या कन्या, आमच्या मुंबईच्या लीला राव ह्यांनीं ह्याच विम्बल्डनवर एकेरीचा सामना जिंकला. तेथें सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.)

सिलीच्या खेळाचा बहर मात्र फार टिकला नाहीं. प्रकृतीनें दगा दिला. १९३६ सालीं एका इटालियन सरदाराशीं विवाह करून ती इटलींत गेली, आणि १९६३ सालीं पोर्तोफिनो येथें वारली. स्टेफी ग्राफनें विम्बल्डन जिंकलें तें १९८८ सालीं. तोंवरच्या ५७ वर्षांत तेथील एकेरीच्या विजेत्या स्त्रियांत जर्मन नांव एकच होतें.