घंटागाडी आलीच नाही: मेंदूतल्या कचऱ्याची शंभर वर्षांची गोष्ट

आजचा एपिसोड एका व्हॉट्सॲप फॉरवर्डमुळे सुचला. मावशीनं फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं: उपवास करा, मेंदू साफ होतो, याला नोबेल मिळालंय! माझ्या आजीला पार्किन्सन्स आहे. ती लगेच म्हणाली, "मग उद्यापासून मी एकदाच जेवते." मी घाबरलो आणि वाचायला बसलो.

गोष्ट सुरू होते १९०६ मध्ये. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी स्मृती गेलेल्या एका मृत बाईंचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चेतापेशींमध्ये धाग्यांचे गुंते दिसले. १९१२ मध्ये फ्रेडरिक लेवी यांना पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत गोळे दिसले. म्हणजे कचरा तेव्हाच दिसला होता. पण तो उचलला का जात नाही, हे कळायला बरीच दशकं गेली.

१९८० च्या सुमारास चिकानोव्हर, हर्श्को आणि रोज या तिघांनी दाखवलं, की पेशी टाकाऊ प्रथिनावर युबिक्विटिन नावाची चिठ्ठी चिकटवते. चिठ्ठी लागली, की ते प्रथिन तोडायला जातं. २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल यालाच. आणि १९८७ मध्ये हीच चिठ्ठी अल्झायमरच्या गुंत्यांत सापडली! पुढच्याच वर्षी लेवींच्या गोळ्यांतही. कचऱ्यावर खूण झाली होती, पण घंटागाडी काही आली नाही.

साफसफाईची दुसरी वाट म्हणजे ऑटोफॅजी. पेशी मोठा कचरा पिशवीत गुंडाळून पचवते. योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये तिची जनुकं शोधली. मग २००६ मध्ये जपानमधल्या दोन गटांनी उंदरांच्या चेतापेशींतली ऑटोफॅजी बंद केली. बाहेरून एकही सदोष प्रथिन घातलं नव्हतं. तरी गोळे साठले, उंदरांची चाल बिघडली, पेशी मेल्या. कारण साधं आहे. इतर पेशी विभागतात, तेव्हा कचराही वाटला जातो. चेतापेशी विभागतच नाहीत. आयुष्यभर तेच घर, तोच कचरा.

आता मावशीच्या फॉरवर्डकडे येऊ. ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं, हे खरं. पण ते ऑटोफॅजी कशी चालते, या शोधासाठी. उपवासानं पार्किन्सन्स बरा होतो, असं त्यात कुठेच नाही.

आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझी घंटागाडी बिघडलीय होय रे?"

म्हटलं, "तसंच दिसतंय आजी. दुरुस्ती शोधणं चालू आहे. तोवर गोळी वेळेवर घे, आणि भाकरी खा."