आहारपूरके व भ्रामक लेबले

जीवनसत्त्वे, खनिजे, वनस्पतींचे अर्क इ. पदार्थ गोळी, चूर्ण वा द्रव या रूपांत नेहमीच्या अन्नाला जोड म्हणून विकले जातात. त्यांना आहारपूरके म्हणतात. रोग बरा करण्याचा दावा केला, की कायद्याच्या दृष्टीने तोच पदार्थ औषध ठरतो. त्यामुळे शासकीय कारवाईत त्याच्याविषयी काय व कोठे लिहिले आहे, याला विशेष महत्त्व येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायद्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

तेथील १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध अधिनियमाने लेबलावरील खोट्या वा भ्रामक विधानांना बंदी केली. तथापि कर्करोगावरील एका तथाकथित औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये ही बंदी पदार्थाची ओळख व घटक यांपुरतीच मर्यादित ठरविली. १९१२ च्या शर्ली दुरुस्तीने गुणकारितेचे दावेही कायद्याच्या कक्षेत आणले. पण फसवणुकीचा हेतू सिद्ध करण्याचे ओझे शासनावर पडले. आपल्या औषधावर आपला मनापासून विश्वास आहे, असे म्हणणाऱ्या विक्रेत्यापुढे शासन हतबल होई. १९३८ च्या अधिनियमाने हेतूची अट काढून टाकली आणि मालासोबतचे मुद्रित साहित्यही लेबलाप्रमाणेच विचारात घेतले.

‘सोबत’ म्हणजे काय, हा वाद लेलॉर्ड कॉर्डेल याच्या खटल्यात निकराला आला. आरोग्याहारावर लेखन करणारा व व्याख्याने देणारा कॉर्डेल १९४१ पासून जीवनसत्त्वे, खनिजे व वनस्पती यांची मिश्रणे विकत असे. त्यांचे गुण वर्णन करणाऱ्या पुस्तिकाही तोच विक्रेत्यांना पुरवी. त्यांपैकी काही मालाच्या आधी वा नंतर स्वतंत्रपणे पाठविलेल्या होत्या. पुस्तिका वेगळ्या गेल्या म्हणून त्या लेबल ठरत नाहीत, हा त्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९४८ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला. एका वेष्टनात असणे आवश्यक नाही. मजकूर त्या वस्तूचे स्पष्टीकरण करीत असला, म्हणजे पुरे, असे बहुमताने ठरविले. दावा बाटलीवरून काढून कागदावर नेण्याची सोयीची वाट त्यामुळे बरीच अरुंद झाली.

पुढे कायद्याचा कल बदलला. १९७६ च्या दुरुस्तीने जीवनसत्त्वांच्या मात्रेवर मर्यादा घालण्याचा अन्न व औषध प्रशासनाचा अधिकार संकुचित केला. १९९४ च्या आहारपूरकविषयक अधिनियमाने शरीराची रचना व कार्य यांविषयीच्या विधानांना मुभा दिली. ‘हाडे बळकट राखण्यास साहाय्यक’ असे लिहिता येते. अस्थिरोग बरा होतो, असे लिहिता येत नाही. अशा विधानाचे प्रशासनाने मूल्यमापन केलेले नाही, ही सूचना लेबलावर छापावी लागते. विधानाची माहिती प्रशासनाला माल विक्रीस आल्यापासून ३० दिवसांत कळविली, तरी चालते.