दिल्ली दरवाज्याच्या दिंडीतून

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याशी जरा थांबा. दारावरचे लोखंडी अणकुचीदार खिळे बघा. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ते त्याच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेत. एकावर तळहात टेकवा, मान लववून दिंडीतून आत या. मान वर कराल तेव्हा साल असेल १७९४.

बसचे हॉर्न थांबलेत. डोक्यावर नगारखान्यात चौघडा झडतोय. वाट सरळ आत जात नाही, वळते. घुसणाऱ्या फौजेचा जोर मोडावा म्हणून. वळलात, की चौकामागून चौक, सुरूच्या घाटाचे सागवानी खांब, महिरपी. कारकून मांडी घालून बसलेत. बोरू करकरतो, मोडीची ओळ न तुटता धावते, वर चिमूटभर वाळू पडते, कागद झटकला जातो. वसुली, मोहिमा, इनामं, सगळं राज्य अशा कागदांवर चाललंय. पेशवे सवाई माधवराव वीस वर्षांचे आहेत. कारभार नाना फडणविसांच्या हाती. वाड्यातल्या चित्रशाळेत गंगाराम तांबट कागदावर वाकलाय. ही चित्रशाळा इंग्रज वकील मॅलेटनं सुरू करवून घेतली. जवळच हजारी कारंजं, सोळा पाकळ्यांच्या कमळाचं. पुढच्याच वर्षी माधवराव वाड्याच्या माडीवरून पडतील आणि त्यातच जातील. तुम्हाला हे ठाऊक आहे, इथं कुणालाच नाही.

आता आजच्या दिशेनं परत फिरा. १७ नोव्हेंबर १८१७, वाड्यावर इंग्रजांचं निशाण. फेब्रुवारी १८२८, आग. सात दिवस धुमसली म्हणतात. सागवान ते, जळायला वेळ घेणारच.

आणि आज हिरवळ, नुसती जोती. बरेचजण नारायणराव पेशव्यांची किंकाळी शोधत येतात. १७७३चा त्यांचा खून खराच, पण तेवढंच ऐकून परतू नका, एवढी माझी कळकळीची विनंती. इथं एक सरकार रोज काम करत होतं. पुण्यातल्या पेशवे दप्तरात मोडी रुमालांचे ढीग अजून आहेत. इतिहासकार सरदेसाईंनी त्यातून ४५ खंड छापले, तरी बरंच उरलं.

जिना चढून तटावर या. दरवाज्यावरचा नगारखाना आगीतून वाचला. त्याचे लाकडी खांब नीट न्याहाळा: बुंध्याशी भरीव, वर निमुळते. तसाच एक खांब मनानं उचला आणि खालच्या पहिल्या जोत्यावर उभा करा. मग त्याच्या शेजारी दुसरा.