सेंट लुईसचे हेगेलवादी शाळा-अधीक्षक
विल्यम टॉरी हॅरिस (१८३५-१९०९) अभ्यासकांना परिचित आहेत ते हेगेलचे भाष्यकार आणि १८६७ मध्ये निघालेल्या ‘जर्नल ऑफ स्पेक्युलेटिव्ह फिलॉसफी’चे संपादक म्हणून. १८६८ ते १८८० या काळात ते सेंट लुईसच्या सार्वजनिक शाळांचे अधीक्षक होते, हे सहसा विस्मरणात जाते. १८७३ मध्ये सुझन ब्लो यांच्या साहाय्याने त्यांनी तेथे सार्वजनिक बालोद्यान सुरू केले. परंतु त्यांचे वार्षिक अहवाल अधिक लक्षणीय आहेत. जर्मन स्थलांतरितांच्या मुलांना शाळेत जर्मन शिकविण्याचे समर्थन करताना ते म्हणतात, की कौटुंबिक स्मृती व चालीरीती यांपासून माणसाला एकाएकी तोडल्यास त्याचे व्यक्तिमत्त्वच दुबळे होते. (खासगी जर्मन शाळांतील मुले ओढून आणण्याचा व्यावहारिक हेतूही त्यात होताच.) १८८७ च्या निवडणुकीनंतर शाळामंडळाने हे अध्यापन बंद केले.

अडचण पुढेच आहे. १८८९ मध्ये संघराज्याचे शिक्षण आयुक्त झालेल्या हॅरिस यांनी मूलनिवासी मुलांना कुटुंबापासून दूर निवासी शाळांत ठेवण्याच्या धोरणाचा पुरस्कार केला. जर्मन स्मृतीला दिलेले स्थान या मुलांच्या स्मृतीला का नाकारले गेले? आमच्या मते, उत्तर त्यांच्या इतिहासविषयक हेगेलीय क्रमात आहे. त्यात टोळीजीवन ही ओलांडावयाची पायरी होती. जर्मन मात्र साक्षात् हेगेलची भाषा होती.